उभ्या गाडीतलं तेल जातं कुठे?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत जिन्याखाली, नाहीतर चौकाच्या कोपऱ्यात, अजूनही एखादी जुनी बुलेट किंवा बीएसए मोटरसायकल कापडाखाली उभी दिसते. मालक पुण्याला नाहीतर नोएडाला. दिवाळीत ग्वाल्हेरला येतो, कापड काढतो, गाडी पुसतो, ऑइलची पट्टी ओढून बघतो, तर पट्टी कोरडी. मागच्या खेपेला तेलाची टाकी भरून गेला होता. फरशीवर म्हणावा असा डागही नाही. तेल कोणी प्यायलं?

कोणीच नाही. तेल आहे तिथेच आहे, फक्त टाकीतून उतरून इंजिनाच्या तळात जाऊन बसलंय. आपल्याकडचे मिस्त्री एका वाक्यात सांगतात, "तेल नीचे उतर गया." आणि लगेच कामाला लागतात. पण हे का होतं, त्यात घाबरण्यासारखं किती आणि त्यावर जे उपाय सुचवले जातात त्यातले कुठले घातक, हे नीट समजून घेतलेलं बरं. कारण खाली उतरलेल्या तेलाने इंजिन बसल्याचं क्वचितच घडतं. ते थांबवायला केलेल्या खटाटोपाने मात्र चांगली चांगली इंजिनं बसली आहेत.

आजच्या बहुतेक मोटरसायकलींत इंजिनाचं तेल इंजिनाच्या खालच्या भागातच साठवलेलं असतं. तिथून पंप ते उचलतो, वर फिरवतो आणि ते पुन्हा खाली गळतं. तेल आधीच तळाशी असल्यामुळे आणखी उतरायला जागाच नाही. जुन्या ब्रिटिश गाड्यांची रचना वेगळी होती. बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ, मॅचलेस या सगळ्यांत तेलाची टाकी वेगळी, बहुधा सीटखाली एका बाजूला. टाकीतून नळीने तेल पंपाकडे, पंपाकडून क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, बेअरिंगकडे. बेअरिंगमधून निथळलेलं तेल क्रँककेसच्या, म्हणजे क्रँकच्या डब्याच्या, तळात पडतं, आणि तिथून दुसरा पंप ते उचलून टाकीत परत पाठवतो. हा परतीचा पंप पुरवठ्याच्या पंपापेक्षा मोठा, साधारण दुप्पट क्षमतेचा असतो. त्यामुळे गाडी चालू असताना तळात तेल साचत नाही. क्रँकची जड चाकं तेलात न बुडता मोकळी फिरतात.

१९५५ पासून मद्रासला बनू लागलेली आपली बुलेटही याच कुळातली, फक्त तिची तेलाची टाकी बाहेर लटकत नाही. ती क्रँककेसच्याच ओतीव भागात, क्रँकच्या मागे, एका भिंतीपलीकडे असते. म्हणून कित्येक बुलेटवाल्यांना आपल्या गाडीत वेगळी टाकी आहे हेच ठाऊक नसतं. नव्या, गिअरबॉक्ससकट एकसंध इंजिनाच्या बुलेटमध्ये ही भानगड नाही. जुन्या टू-स्ट्रोक जावा, येझदी, राजदूतवाल्यांनी तर हा लेख इथेच सोडला तरी चालेल. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबर जळून जातं, उतरायला शिल्लकच राहत नाही.

तेल उतरण्याचं मूळ कारण पंपात आहे. गिअरच्या पंपात दोन दातेरी चाकं एका घट्ट डबीत फिरतात. घट्ट म्हणजे किती, तर दात आणि डबीची भिंत यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागाची फट. ती शून्य ठेवता येत नाही, नाहीतर चाकं फिरणारच नाहीत. गाडी उभी असताना टाकीतल्या तेलाचं वजन या फटीवर सतत दाबत राहतं. टाकीतली पातळी पंपापेक्षा ४० सेंटिमीटर वर असली तर हा दाब भरतो अर्धा पीएसआयच्या आसपास. टायरमध्ये आपण पंचवीस-तीस भरतो, त्यापुढे हा अगदीच किरकोळ. पण टायरकडे आपलं लक्ष असतं. हा दाब दिवसरात्र, महिनोन्महिने, कोणाचं लक्ष नसताना काम करत असतो.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अरुंद फटीतून द्रव किती वाहतो हे फटीच्या रुंदीच्या घनावर ठरतं. फट दुप्पट झाली की गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणून नव्या पंपाच्या गाडीचं तेल उतरायला महिने लागतात आणि तीस-चाळीस वर्षं घासलेल्या पंपाच्या गाडीचं दोन दिवसांत खाली जातं. पंप "थोडासाच" झिजलाय असं कोणी म्हणालं, तर हा घन आठवावा.

दुसरा मुद्दा तेलाच्या पातळपणाचा, आणि इथे ग्वाल्हेरची हवा आडवी येते. जानेवारीत रात्रीचा पारा पाच-सहा अंशांवर, मे महिन्यात दुपारी पंचेचाळीसच्या घरात. थंडीत तेल थिजू लागलेल्या तुपासारखं जड होतं आणि फटीतून सरकायचा कंटाळा करतं. उन्हाळ्यात तेच तेल सैल पडतं. त्यामुळे एकच गाडी हिवाळ्यात पंधरा दिवस तेल धरून ठेवते आणि मे-जूनमध्ये चार दिवसांत सोडते. गाडी बिघडली असं वाटून लोक मिस्त्रीकडे धावतात. बिघडलेलं काही नसतं, मोसम बदललेला असतो.

याहून मोठा फरक गरम इंजिनाचा. २०डब्ल्यू-५० जाडीचं तेल ४० अंशांना जेवढं घट्ट असतं, त्याच्या साधारण आठव्या-नवव्या हिश्श्याएवढंच १०० अंशांना उरतं. म्हणजे तिघऱ्याच्या धरणापर्यंत फेरफटका मारून आलात, गाडी वाड्यात लावली, की तेल सर्वांत वेगाने उतरतं ते त्या पहिल्या तासा-दोन तासांत. इंजिन गार झालं की वेग मंदावतो.

यात धोका किती? तळात तेल साचलेली गाडी किक मारून चालू केली की काय होतं ते बघू. किक जरा जड लागते, कारण क्रँकची चाकं तेलात बुडालेली असतात. इंजिन लागतं, चाकं ते तेल सिलिंडरच्या भिंतीवर उडवतात, पिस्टनवरच्या ऑइल रिंगला एवढं तेल खरवडून काढणं झेपत नाही आणि सायलेन्सरमधून निळसर-पांढऱ्या धुराचा लोट निघतो. मोहल्ल्यातली पोरं जमतात, शेजारच्या काकू खिडकी लावून घेतात. तेवढ्यात परतीचा पंप तळातलं तेल टाकीत ओढून नेतो, एक-दोन मिनिटांत धूर विरतो आणि गाडी सुरळीत होते. एवढंच असेल तर त्यात रडण्यासारखं काही नाही. उलट महिनोन्महिने उभ्या इंजिनात क्रँकचा खालचा भाग तेलात बुडालेला असला, तर पावसाळ्यात तेवढा तरी गंजत नाही.

त्रास होतो तो तेल फार साचल्यावर. पिस्टन खाली येताना त्याच्याखालची हवा दाबली जाते. क्रँककेस रिकामं असेल तर त्या हवेला जागा असते. तळात लिटर-दीड लिटर तेल बसलं की जागा आक्रसते, दाब वाढतो आणि ती हवा तेल घेऊनच वाट शोधते. आधी इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून, मग ऑइल सीलच्या कडेने. क्रँकच्या चेनकडच्या बाजूचं सील ढकललं गेलं तर तेल प्रायमरी चेनच्या (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या) डब्यात शिरतं आणि मग क्लच घसरू लागतो. नॉर्टनवाल्यांना हा अनुभव चांगला परिचयाचा आहे.

पण सर्वांत जास्त नुकसान होतं ते आपल्याच हाताने, आणि तेही काळजीपोटी. पुतण्या पट्टी बघतो, कोरडी दिसते.

"काका, तेल संपलंय. लिटरभर टाकू का?"

"हात लावू नकोस. आधी किक मार, पाच मिनिटं चालू दे, मग पट्टी बघ."

काकांचं ऐकावं. जुन्या बुलेटमध्ये एकूण तेल सव्वादोन लिटरच्या आसपास. त्यातलं लिटरभर खाली बसलेलं असताना वरून आणखी लिटर ओतलं, की इंजिन चालू झाल्यावर तळातलं सगळं वर येतं आणि टाकी ओसंडते. मग ब्रीदरमधून तेल उडतं, मागच्या टायरवर जातं. टायरवरचं तेल आणि महाराज बाड्याच्या चौकातल्या गर्दीतला अचानक ब्रेक, पुढचं सांगायला नको. या गाड्यांची पट्टी बघायची ती इंजिन चालवून बंद केल्यावर लगेच. सकाळी उठून, गाडी चालू करायच्या आधी बघितलेल्या पट्टीवरून तेल कमी आहे का हे कळत नाही. दोन दिवसांत उतरत असेल आणि चालू करायच्या आधी खातरजमा हवी असेल, तर तळाचा ड्रेन नट उघडून साचलेलं तेल स्वच्छ भांड्यात काढा आणि बारीक कापडातून गाळून टाकीत परत घाला. काळं, जुनं झालं असेल तर परत घालूच नका, निमित्ताने बदलून टाका. बुलेटला टाकीचा नट वेगळा आणि क्रँककेसचा वेगळा आहे. चुकीचा उघडलात तर नको ते तेल फरशीवर.

आता उपायांकडे येऊ. सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे टाकी आणि पंप यांच्यामधल्या नळीत तोटी बसवणं. गाडी लावली, तोटी बंद. चालवायची, तोटी उघडी. तेल खात्रीने थांबतं, यात शंका नाही. शंका आपल्या डोक्याबद्दल आहे. एक दिवस तोटी उघडायची राहते. कोणी फोनवर बोलत असतं, कोणाला लग्नाच्या वरातीला उशीर होत असतो, कोणी गाडी मित्राला चालवायला दिलेली असते. इंजिन लागतं, आवाज छान येतो, कारण बेअरिंगवर आधीच्या तेलाचा थर असतो. तो संपला की बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग, कोरडं फिरू लागतं. बिग एंडला साधा बुश असलेल्या इंजिनाला तर काही मिनिटंही पुरतात. पेट्रोलची तोटी बंद राहिली तर गाडी बंद पडते आणि आपल्याला कळतं. तेलाची तोटी बंद राहिली तर गाडी अजिबात तक्रार करत नाही, थेट जाते. माझं मत विचाराल तर साधी तोटी कोणीच लावू नये. अगदी शिस्तीच्या माणसानेही नाही.

लावायचीच असेल तर तिला स्विच जोडा, तोटी बंद तर स्पार्क बंद. इथे एक बारकावा आहे. बॅटरी-कॉइलच्या गाडीत स्विचने कॉइलचा पुरवठा तोडायचा असतो. वायर तुटली तरी गाडी लागत नाही, म्हणजे बिघाड झाला तरी सुरक्षित बाजूला. मॅग्नेटोच्या, म्हणजे बॅटरीशिवाय स्वतःच स्पार्क तयार करणाऱ्या यंत्राच्या, गाडीत उलटं. स्पार्क थांबवायला मॅग्नेटो अर्थ करावा लागतो. ती अर्थची वायर कुठे तुटली किंवा टर्मिनल गंजलं, तर तोटी बंद असतानाही गाडी खुशाल चालू होते. म्हणजे सगळी राखण एका जुन्या वायरवर. त्यापेक्षा गाडीची चावी किंवा एक मोठं लाल लेबल तोटी बंद करताना किक लिव्हरला बांधावं. किक मारायला पाय टेकला की ते दिसलंच पाहिजे, अशा जागी.

दुसरा उपाय स्प्रिंग आणि गोळीचा एकमार्गी व्हॉल्व्ह, त्याच नळीत. हा तोटीपेक्षा हुशार वाटतो, कारण उघडायला विसरण्याचा प्रश्न नाही. पंप ओढू लागला की गोळी सरकते, थांबला की स्प्रिंग ती पुन्हा बसवते. गोम अशी की पंप तेल "ओढतो" म्हणजे तो स्वतःच्या तोंडाशी दाब कमी करतो आणि टाकीकडचं तेल आत ढकललं जातं. त्यासाठी पंप घट्ट असावा लागतो. आता विचार करा, कोणत्या गाडीला हा व्हॉल्व्ह लावावासा वाटतो? जिचा पंप झिजलाय तिला. आणि झिजलेला पंपच ओढायला कमजोर असतो. व्हॉल्व्हच्या पलीकडे हवा अडकली, जानेवारीची सकाळ असली, तेल जड असलं, तर तो बिचारा पंप गोळी हलवूच शकत नाही. ज्याला कुबडी हवी त्याच्याच पायात बेडी.

कारखान्यांनी हे ओळखलं होतं. म्हणून बीएसएच्या कित्येक इंजिनांत आणि १९७५ च्या नॉर्टन कमांडो मार्क थ्रीमध्ये व्हॉल्व्ह पंपाच्या पुढे, म्हणजे पंप आणि क्रँक यांच्यामधल्या वाटेवर बसवला. तिथे पंप ओढत नाही, ढकलतो, आणि ढकलायला त्याच्याकडे भरपूर जोर असतो. गोळी जराशी चिकटली तरी ती उडवली जाते. एकच व्हॉल्व्ह, पण पंपाच्या अलीकडे की पलीकडे यावर सगळं ठरतं. तुमच्या गाडीत असा मूळचा व्हॉल्व्ह असेल तर बाजारातून काही आणण्याआधी तो उघडून बघा. बहुतेकदा गोळीखाली गॅस्केटच्या सोल्युशनचा किंवा कचऱ्याचा एक कण असतो, नाहीतर गोळीच्या बैठकीवर डाग पडलेला असतो. जुने कारागीर काय करतात, तर बैठक स्वच्छ पुसून तिच्यावर गोळी ठेवतात, पितळी दांडी टेकवून हातोडीचा एक हलका ठोका देतात. बैठकीवर गोळीच्या मापाचं बारीक चकचकीत कडं उमटतं. मग ती गोळी टाकून नवी बसवायची आणि सोबत नवी स्प्रिंग. ओतीव अ‍ॅल्युमिनियम असेल तर ठोका खरोखर हलका हवा, जोर दाखवायची ही जागा नाही. खर्च जवळपास काहीच नाही आणि कित्येक गाड्यांचं दुखणं एवढ्यावर जातं.

बुलेटवाल्यांसाठी तोटी आणि नळीतला व्हॉल्व्ह दोन्ही बाद, कारण टाकी ते पंप बाहेरची नळीच नाही. त्यांना पंपाकडेच जावं लागतं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांनी शेवटी तिथेच जावं. जुन्या बुलेटच्या पंपात एक चकती आपल्या बैठकीवर डोलत तेलाची भोकं उघडते-मिटते. चकती आणि बैठक एकमेकांवर तंतोतंत टेकल्या नाहीत की तिथूनच तेल झिरपतं. यावर उपाय घासकामाचा. चकतीला अगदी बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावायची आणि बैठकीवर अर्धं वर्तुळ इकडे, अर्धं तिकडे, बोटांच्या हलक्या दाबाने फिरवत राहायचं. सुरुवातीला पृष्ठभागावर चमकदार आणि मळकट असे ठिपके दिसतात. चमकदार जागा टेकलेल्या, मळकट न टेकलेल्या. सगळा पृष्ठभाग एकसारखा राखाडी झाला की थांबायचं. मग रॉकेलने किंवा पेट्रोलने इतकं धुवायचं की पेस्टचा कणही उरता कामा नये, कारण तो कण पुढे सरळ बिग एंडमध्ये जातो. नॉर्टनच्या गिअर पंपात हेच काम काचेच्या सपाट तुकड्यावर करतात. डबीचा पृष्ठभाग किंचित उतरवून चाकांचा आडवा खेळ कमी करतात, पंप हाताने फिरताना जरा जड पण विनाअडकता फिरला की झालं. ट्रायम्फच्या दट्ट्याच्या पंपात लक्ष गोळ्यांच्या बैठकीकडे द्यायचं.

पंपाच्या कामानंतर इंजिन चालू केलं की तेल खरोखर फिरतंय ना हे बघितल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. वेगळी टाकी असेल तर झाकण उघडून परतीच्या नळीच्या तोंडाशी बघा, थोड्याच वेळात तेल बुडबुड्यांसकट उसळत पडताना दिसलं पाहिजे. जुन्या बुलेटमध्ये परतीचं तेल आधी वर, सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरकडे जातं, म्हणून रॉकरच्या नळीचा पोकळ बँजो बोल्ट किंचित सैल करून तेल येतंय का ते बघतात.

राहता राहिले घरगुती तोडगे. जाड तेल घाला म्हणजे उतरणार नाही, असं सांगणारे पुष्कळ. एसएई ५० घातल्याने गळती मंदावते हे खरं, पण थांबत नाही, आणि ग्वाल्हेरच्या जानेवारीत तेच तेल पहिल्या किकला बेअरिंगपर्यंत पोचायला वेळ लावतं. गाडीला कारखान्याने जे सांगितलंय ते घाला. पिस्टन वरच्या टोकाला, कॉम्प्रेशनवर आणून गाडी लावायची, हा दुसरा. त्याने सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतात, पावसाळी दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही, म्हणून जरूर करा. तेल उतरणं मात्र त्याने भरवशाने थांबत नाही. फट फटच राहते. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं जागच्या जागी इंजिन घुरघुरवणं हा तिसरा, आणि तो बंद करावा असं मला वाटतं. तेल वर जातं खरं, पण इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ पाणी होऊन तेलातच राहते. चालू करायची तर वीसेक किलोमीटर चालवून आणा.

गाडी चार-सहा महिने हलणारच नसेल तर सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे तेल काढूनच ठेवणं. इंजिन गरम असताना टाकी आणि तळ दोन्ही रिकामे करा, नवं तेल सीलबंद डब्यात गाडीशेजारी ठेवा आणि हँडलला ठळक अक्षरांत चिठ्ठी बांधा : "इंजिनात तेल नाही". चिठ्ठी हिंदीतही लिहा, कारण किक मारण्याचा मोह शेजारच्या पोराला जास्त होतो.

पंप उघडावा की नाही हे ठरवायला साधी मोजणी पुरते. गाडी तापवून आणल्यावर पट्टीची पातळी लिहून ठेवा, मग रोज सकाळी न चालवता एकदा बघा. दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी होत असेल तर पंपाकडे बघायलाच हवं. तीन-चार आठवडे लागत असतील तर जुन्या गाडीसाठी ते चांगलंच म्हणायचं, तिच्या वाटेला जाऊ नका.

आणि एकदा तेलाचा वासही घ्या. तळातून काढलेलं तेल अपेक्षेपेक्षा जास्त भरलं, पातळ वाटलं आणि पेट्रोलचा वास आला, तर प्रकरण वेगळं आहे. पेट्रोलची तोटी गळतेय आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी सुई नीट बसत नाहीये, त्यामुळे पेट्रोल सिलिंडरमधून खाली क्रँककेसमध्ये जातंय. असं तेल फटीतून अधिक वेगाने उतरतं आणि बेअरिंगलाही धरून ठेवत नाही. ते गाळून परत घालू नका. आगीपासून लांब ठेवा, सगळं तेल बदला, सुई आणि तिची बैठक नवी घाला, आणि गाडी लावताना पेट्रोलची तोटी बंद करायची सवय लावा. ही एक तोटी मात्र उघडायला विसरलात तरी गाडी स्वतःच सांगेल.